आईला संशोधनाबद्दल कुणी विचारलं नाही? तुम्ही विचारा

प्रश्न: आम्ही लंडनमधल्या हॅरोला राहतो. 74 वर्षांच्या आईला मेमरी क्लिनिकमध्ये अल्झायमरचं निदान झालं. तिथंच जाणाऱ्या शेजारच्या इंग्रज आजोबांना एका संशोधनाच्या अभ्यासात भाग घेण्यासाठी विचारलं, आम्हाला कुणी काहीच बोललं नाही. आम्ही भारतीय म्हणून असेल का?

उत्तर: ताई, तुमच्या डॉक्टरांच्या मनातलं मला सांगता येणार नाही, पण शंका बिनबुडाची नाही. लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाच्या मोठ्या चाचणीत सुमारे 1,800 जण होते, त्यांत कृष्णवर्णीय 3 टक्क्यांहूनही कमी. आणि ब्रिटनमध्ये डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) झालेले दक्षिण आशियाई लोक गोऱ्यांपेक्षा सरासरी 3 वर्षं लहान वयात जातात, असं 2022 च्या एका अभ्यासात दिसलं. ज्यांना आजार लवकर नेतो, त्यांनाच अभ्यासात जागा नसावी, हे मला फार लागतं.

उघड नकार क्वचितच मिळतो. इंग्रजी जमणार नाही, घरचे तयार होणार नाहीत, असं आधीच गृहीत धरलं जातं. बऱ्याच अभ्यासांना पेशंटसोबत येणारं, त्याला जवळून ओळखणारं माणूस लागतं. नोकरी करणाऱ्या सुनेला दर वेळी रजा कुठून मिळणार? त्यात स्मरणशक्तीच्या चाचणीत इंग्रजी नाव-पत्ता पाठ करायला सांगतात. मराठी माध्यमात शिकलेली बाई तिथं अडखळते, आणि तीच मंगळागौरीची गाणी कडव्यामागून कडवं म्हणते. म्हणून दुभाषा मागा. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, तो मोफत मिळतो, मुलांनी भाषांतर करायची गरज नाही. आपणही ‘वय झालं, चालायचंच’ म्हणत उशीर करतो, तोवर सुरुवातीच्या टप्प्यासाठीचे अभ्यास हातचे गेलेले असतात.

पुढच्या भेटीत सरळ विचारा, ‘आईला बसेल असा एखादा अभ्यास आहे का?’ शिवाय ‘जॉइन डिमेन्शिया रिसर्च’ या राष्ट्रीय नोंदणीत नाव घाला. 2015 पासून ती सुरू आहे, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आणि आईची संमती असेल तर तिच्या वतीनं तुम्हीही नोंदवू शकता. प्रत्येक अभ्यासात औषधच देतात असं नाही. काहींत नुसत्या प्रश्नावल्या असतात. पाठीतून पाणी काढणार का, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, हे आधी विचारून घ्या. मधेच सोडायची मुभा कायम असते.

त्याआधी आईशी बोला, निवांत, मराठीत. आज तिला स्वतःचं ठरवता येतंय. पुढे ते जमेनासं झालं, तर इंग्लंडच्या 2005 च्या कायद्यानुसार संशोधकांना तिच्या इच्छेबद्दल जवळच्या माणसाला विचारावं लागतं. तेव्हा तिचं म्हणणं तुम्हाला ठाऊक असायला हवं.