मर्लो : साल पाहावं की माती?

प्रश्न : फ्रान्समधल्या बोर्दोतल्या पोमरोलच्या एकाच वाइनरीच्या 2013 आणि 2022 या सालांच्या बाटल्या चाखल्या. पहिली पातळ, आंबटसर. दुसरी दाट आणि कडक. दोन्हींत मर्लोच, मग एवढा फरक कसा? (पुणे)

उत्तर : मर्लो ही लाल वाइनच्या द्राक्षांतली घाईची जात. तिचे डोळे (अंकुर) लवकर फुटतात, फुलोराही लवकर, आणि काबेर्ने सोव्हिन्यों या दुसऱ्या लाल जातीच्या आठवडा-दोन आठवडे आधी ती पिकते. 2013 मध्ये फुलोऱ्याच्या वेळी हवा थंड आणि पावसाळी होती. तापमान 15 अंशांखाली रेंगाळलं की फलधारणा नीट होत नाही. फुलं गळतात, उरलेल्या घडात मोठ्या मण्यांच्या शेजारी बारीक, बिनबियांचे मणी राहतात आणि ते एका वेळी पिकत नाहीत. त्यातच काढणीच्या तोंडावर पाऊस आला की मर्लोच्या पातळ सालीमुळे घडकूज झपाट्याने पसरते. मग बागायतदार पूर्ण पिकण्याची वाट न पाहता द्राक्षं काढतो. आम्ल चढं राहतं, टॅनिन (सालीतला तुरट घटक) हिरवट लागतं.

2022 चा उन्हाळा उलट, उष्ण आणि कोरडा. मणी लहान राहिले, रसाच्या मानाने मण्यांची साल जास्त. त्यामुळे रंग आणि टॅनिन भरपूर. लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखरेचं 1 टक्का अल्कोहोल होतं, म्हणजे 24 ब्रिक्सच्या (ब्रिक्स हे रसातल्या साखरेचं माप) रसाची वाइन 14 टक्क्यांच्या आसपास जाते. अशा वर्षी धोका उशिराचा असतो. साखर चढत जाते, मॅलिक आम्ल उष्णतेने घटतं आणि चार-पाच दिवस जास्त थांबलं तर ताज्या आलुबुखारऐवजी मुरंब्याची चव येते. बाटलीवर 15 टक्के दिसले तर बहुधा हेच झालेलं असतं.

प्रश्न : म्हणजे चांगलं साल बघून बाटली घेतली की झालं? (ठाणे)

उत्तर : नाही. सालाइतकीच माती पाहावी, आणि मर्लोच्या बाबतीत आम्ही मातीला झुकतं माप देऊ. 2003 च्या उष्णतेच्या लाटेत वाळू-खडीच्या जमिनीवरच्या वेली तहानेने थबकल्या. चिकणमातीवरच्या तगल्या, कारण ती माती पाणी धरून ठेवते आणि थोडं थोडं सोडते. पोमरोलच्या पठारावरच्या शातो पेत्रुस या वाइनरीची ख्याती याच निळसर चिकणमातीवर उभी आहे. शेजारच्या सें-तेमिल्यॉं भागातल्या चुनखडीतूनही मुळांना असंच हळूहळू पाणी मिळतं.

उंचीचाही हिशेब असतो. एप्रिल 2017 च्या अखेरीस रात्री कडाका पडला. थंड हवा सखल भागात साचते, म्हणून खालच्या बागा करपल्या आणि पठारावरच्या बऱ्याच वाचल्या. उणे 2 अंशांच्या सुमारास कोवळी फूट जळते. मागून दुय्यम डोळे फुटतात खरे, पण त्यांवर घड कमी लागतात आणि ते उशिरा पिकतात. पहिल्या फुटीचे घड त्यांत मिसळले तर वाइन एकाच वेळी कच्ची आणि पक्व लागते. जाणता माणूस ते वेगळे काढतो. 1991 च्या एप्रिलमधल्या कडाक्यानंतर तर पेत्रुसने त्या सालाची वाइनच बाजारात आणली नाही.

प्रश्न : आमची काळी जमीनही पाणी धरते. मग इथे तशी मर्लो का होत नाही? (निफाड)

उत्तर : पेत्रुसच्या चिकणमातीत आणि तुमच्या काळ्या जमिनीत, दोन्हींत पाण्याने फुगणारी, स्मेक्टाइट जातीची खनिजं आहेत हे खरं. पण खोल काळ्या जमिनीत मुळं मोकळी पसरतात आणि वेल पानांच्या मागे लागते. दुसरा फरक मोसमाचा. बोर्दोत काढणीच्या सुमारास हवा थंडावत जाते. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन वाढत असताना द्राक्षं पिकतात. म्हणून आम्ल लवकर पडतं.

शक्य असेल तर मुरमाड, निचऱ्याची जागा निवडा. मण्यांत पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडून रंग धरू लागल्यावर) ठिबक कमी करा, पण पूर्ण तोडू नका. मर्लोचे मणी लवकर सुकतात. घडांभोवतीची पानं पूर्वेच्या बाजूची काढा, पश्चिमेची राहू द्या. शेवटच्या पंधरवड्यात एक दिवसाआड रसाचे ब्रिक्स आणि पीएच (तो जितका चढा तितका आंबटपणा कमी) मोजा. 23-24 ब्रिक्सच्या आधीच पीएच 3.6 ओलांडू लागला तर साखरेची वाट पाहू नका. काढणी पहाटे करा आणि क्रेट सावलीत ठेवा.