गोळी मिळते, डबी नडते

तुझा प्रश्न असा: नाशिकला आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात) तीन वर्षं समुपदेशन केलंयस, ऑगस्टमध्ये एमपीएचसाठी (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीसाठी) अटलांटाला येतेयस आणि पुढे ब्लॅक गे पुरुषांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करायचंय. "प्रेपची गोळी, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध, तिथे इतकी वर्षं आहे, मग लोक घेत का नाहीत? जनजागृती कमी पडते का?" मी इथल्या एका क्लिनिकमध्ये नऊ वर्षं हेच करतेय. वयानं मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

जनजागृतीची पोस्टरं नाशिकलाच ठेव. आमच्याकडे येणाऱ्या पोरांना गोळीचं नाव, डोस, सगळं पाठ असतं. रोज नीट घेतली तर संभोगातून होणारी लागण सुमारे ९९ टक्के टळते, हेही. घोडं अडतं ते डबीपाशी. प्रेपची पहिली गोळी ट्रुवाडा, ते मुळात एचआयव्हीच्या उपचारातलं औषध, २००४ चं. तीच निळी गोळी २०१२ मध्ये प्रतिबंधासाठी मंजूर झाली. त्यामुळे कपाटात डबी दिसली की घरचे समजतात, "याला झालाय."

एक चोवीस वर्षांचा मुलगा यायचा. आईच्या विम्यावर होता. इथे सव्विसाव्या वर्षापर्यंत राहता येतं. प्रेपसाठीच्या दर तीन महिन्यांच्या तपासणीचा तपशील विमा कंपनीनं आईच्या नावे घरी पाठवला. आई चर्चच्या क्वायरमध्ये गाणारी. त्यानंतर दोन महिने पोरगा फिरकलाच नाही. आला तेव्हा मल्टिव्हिटॅमिनची रिकामी डबी घेऊन, आणि माझ्याकडे कापसाचा बोळा मागितला. बॅगेत गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून.

आता आकडा. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं २०१६ मध्ये हिशेब मांडला की तेव्हाचा वेग कायम राहिला, तर समलिंगी आणि उभयलिंगी ब्लॅक पुरुषांत दोघांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्हीचं निदान होईल. गोऱ्यांत अकरांपैकी एकाला. ऐकल्यावर "बेफिकीर असतील" असं मनात येतं. माझ्याही आलं होतं. पण अभ्यासांत त्यांचं वागणं गोऱ्यांपेक्षा जास्त जोखमीचं निघालेलं नाही. जोडीदारांच्या वर्तुळात लागण आधीच जास्त, उपचार उशिरा, अनेकांना विमाच नाही (आमच्या जॉर्जिया राज्यानं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, पूर्ण वाढवलेला नाही). त्यात हा आकडा इतक्यांदा ऐकवला जातो की तोच ठप्पा होऊन बसतो. मग नुसती तपासणी करून घेणंही कबुलीजबाबासारखं वाटतं.

शेजारच्या अलाबामातलं टस्कीगी वाचलं असशीलच. १९३२ ते १९७२, सिफिलिस असलेल्या सुमारे ४०० ब्लॅक पुरुषांना सरकारी आरोग्यसेवेनं उपचाराविना नुसतं निरखत ठेवलं, पेनिसिलिन आल्यावरही. तुझ्यासाठी तो अभ्यासक्रमातला धडा असेल. समोर बसलेल्या माणसानं तो आजीकडून ऐकलेला असतो.

माझी चूक सांगते. सुरुवातीला मी फॉर्मच्या क्रमानं जायचे: पहिलाच प्रश्न, किती जोडीदार? एक गृहस्थ शांतपणे उठले, टोपी घातली आणि गेले. आता मी आधी बीपी घेते, काम कसं चाललंय विचारते, आणि प्रेपचं बोलणं "इथे येणाऱ्या सगळ्यांनाच सांगतो" म्हणून काढते. फॉर्म मागाहून भरता येतो. आणि हो, देसी पार्ट्यांत ब्लॅक लोकांबद्दल जे शब्द हसत-हसत वापरतात ते तोंडात बसू देऊ नकोस. क्लिनिकमध्ये तुझ्या नजरेतूनही कळतं.

राहण्याचं, विद्यापीठाच्या बसचं वेगळं लिहिते. गाडी मात्र शिकून ये, इथे तिच्यावाचून पान हलत नाही.

डबीवर उपाय आलाय. दोन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन २०२१ अखेरीस मंजूर झालं, सहा महिन्यांचं २०२५ मध्ये. घरी लपवायला काहीच नाही. पण सुई टोचायला आमच्याकडे यावं लागतं, आणि आमच्या पार्किंगमध्ये कोणाची गाडी उभी आहे ते रस्त्यावरून दिसतं. तो मुलगा आता इंजेक्शनवर आहे. गाडी पलीकडच्या टायरच्या दुकानासमोर लावतो.