नेटवर्क-शंका : चार मिनिटांनी गोठणारे चित्र

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका संगणकावरून व्याख्यानाचे चित्रण २३९.१.१.५ या मल्टिकास्ट (एकाच वेळी संगणकांच्या गटासाठी असलेल्या) पत्त्यावर पाठवले जाते आणि साठ संगणकांवर ते एकाच वेळी दिसते. जुन्या साध्या स्विचवर हे सुरळीत चालत असे. नवा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच बसवल्यापासून चित्र सुरू होते, पण चार-साडेचार मिनिटांनी गोठते. प्लेअर बंद करून पुन्हा उघडला की तेवढाच वेळ परत चालते. स्विच सदोष समजून परत करावा काय?
– प्रयोगशाळा सहायक, सांगली

उत्तर : स्विच परत करू नका. तो आपले काम चोख करत आहे. त्याच्या कामाला जी जोड लागते, ती मात्र तुमच्या नेटवर्कमध्ये कोणीच देत नाही.

जुना स्विच मल्टिकास्टचे प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा प्रत्येक तुकडा, सरसकट सर्व पोर्टांवर सोडत होता. ज्यांना चित्र नको होते ते संगणक, प्रिंटर आणि वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट यांच्याही माथी ते मारले जात होते, एवढेच. नव्या स्विचमध्ये ‘आयजीएमपी स्नूपिंग’ चालू आहे. आयजीएमपी म्हणजे गटाची मागणी नोंदवण्याचा प्रोटोकॉल, आणि स्नूपिंग म्हणजे त्याचे संदेश वाटेत वाचणे. एखाद्या संगणकावर प्लेअर उघडला की तो संगणक ‘मला या गटाचे पॅकेट हवे’ असा आयजीएमपीचा संदेश पाठवतो. स्विच तो वाटेत वाचतो, कोणत्या पोर्टवरून मागणी आली याची नोंद करतो आणि त्या गटाचे पॅकेट तेवढ्याच पोर्टांवर सोडतो. दुधाचा रतीब एकदा लावला की बंद करायला सांगेपर्यंत चालू राहतो. येथे नेमके उलट आहे : मागणीचे नूतनीकरण झाले नाही, तर ती आपोआप रद्द होते. संगणक अचानक बंद पडला किंवा कोणी केबल उपटली, तर ‘आता नको’ असे सांगायला कोणी उरत नाही. म्हणून ही व्यवस्था.

नूतनीकरण घडवून आणतो तो क्वेरियर, आणि हे काम सहसा राउटर करतो. तो प्रमाणित मांडणीत दर १२५ सेकंदांनी २२४.०.०.१ या पत्त्यावर ‘कोणाला काय हवे आहे?’ असे विचारतो आणि उत्तरासाठी १० सेकंदांची मुदत देतो. सगळ्यांनी एकदम ओरडू नये म्हणून प्रत्येक संगणक त्या मुदतीतला एक यादृच्छिक क्षण निवडून उत्तर देतो. आयजीएमपीच्या १९९७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत एकाचे उत्तर ऐकू आले की त्याच गटातील बाकीचे गप्प बसत. २००२ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ही सवलत काढली गेली, आणि प्रत्येक पोर्टची नोंद ठेवणाऱ्या स्विचच्या दृष्टीने ते बरेच झाले. लागोपाठ दोन विचारणा निष्फळ ठरल्या की नोंद पुसली जाते : १२५ अधिक १२५ अधिक १०, म्हणजे २६० सेकंद. तुमची चार-साडेचार मिनिटे ती हीच. प्रयोगशाळेत मल्टिकास्टचा राउटर नाही, त्यामुळे विचारणारा कोणी नाही. न विचारता संगणक पुन्हा सांगत नाहीत आणि स्विच त्यांना विसरतो.

उपाय सोपा आहे. स्विचच्या सेटिंगमध्ये त्या व्हीलॅनसाठी (स्विचवर आखलेल्या नेटवर्कच्या स्वतंत्र भागासाठी) ‘आयजीएमपी क्वेरियर’ चालू करा आणि स्विचला त्याच व्हीलॅनमधला आयपी पत्ता द्या; पत्ता नसल्यास अनेक स्विच विचारणा पाठवतच नाहीत. एकाहून अधिक क्वेरियर असले तरी बिघडत नाही, सर्वांत लहान पत्त्याचा क्वेरियर काम पाहतो आणि बाकीचे थांबतात. खातरजमेसाठी एका संगणकावर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) उघडून ‘आयजीएमपी’ची चाळणी लावा, दोन मिनिटांच्या आसपास एक विचारणा दिसलीच पाहिजे. स्नूपिंग बंद करण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. त्यानेही चित्र चालेल, पण मग नव्या स्विचचे पैसे कशासाठी मोजले?

प्रश्न : स्विचपर्यंतचे समजले, परंतु गटाचे पॅकेट अनेक राउटरांतून जात असेल, तर कोणत्या शेजाऱ्याला द्यायचे हे राउटर कसे ठरवतो? राउटर वर्तुळात जोडलेले असतील, तर पॅकेट फिरतच राहणार नाही काय?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : सर्व सदस्यांची यादी कोणत्याही राउटरकडे नसते, हे प्रथम लक्षात घ्यावे. आपल्या कोणत्या बाजूने मागणी आली, एवढेच प्रत्येकाला ठाऊक असते.

आज बहुतेक ठिकाणी राउटरांमध्ये मल्टिकास्टची मागणी पोहोचवण्यासाठी ‘पिम’ हा प्रोटोकॉल वापरतात. त्यातील राउटर दर ३० सेकंदांनी शेजाऱ्यांना ‘हॅलो’ पाठवतात. १०५ सेकंद हॅलो आला नाही, तर तो शेजारी गेला असे धरले जाते. ज्या राउटरच्या पदरी ग्राहक आहे तो आपल्या नेहमीच्या राउटिंग टेबलमध्ये उगमाकडे, म्हणजे पॅकेट पाठवणाऱ्या संगणकाकडे, जाणारी वाट पाहतो आणि त्या वाटेवरच्या शेजाऱ्याला ‘जॉइन’ पाठवतो. तो शेजारीही तेच करतो, आणि असे करत मागणी उगमापर्यंत चढते. पॅकेट त्याच वाटेने उलटे उतरते. उगम आधी माहीत नसेल, तर जॉइन ‘रांदेव्हू पॉइंट’ म्हणून नेमलेल्या राउटरकडे जाते. येथेही मागणी दर ६० सेकंदांनी ताजी करावी लागते, नाहीतर २१० सेकंदांनी ती मावळते. एकाच लॅनवर दोन राउटर असतील आणि एकाने ‘नको’ म्हटले, तर वरचा शेजारी लगेच पुरवठा तोडत नाही. तो साधारण ३ सेकंद थांबतो. हे संदेश सर्व शेजाऱ्यांना ऐकू जातात, त्यामुळे तेवढ्यात दुसऱ्याला ‘मला हवे आहे’ असे सांगता येते.

वर्तुळाची तुमची शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर योगेन दलाल आणि रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७८ साली ब्रॉडकास्टसाठी, म्हणजे सर्वांना सरसकट पाठवण्यासाठी, मांडले. यांतील दलाल हे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी. एरवी राउटर पॅकेट कोठे जायचे ते पाहतो. येथे ते कोठून आले हे आधी पाहतो. ज्या उगमाचे पॅकेट आहे त्याच्याकडे जायला मी स्वतः जी बाजू वापरली असती, त्याच बाजूने ते आले असेल तर पुढे पाठवायचे, अन्यथा टाकून द्यायचे. वर्तुळाला वळसा घालून आलेली प्रत चुकीच्या बाजूने येते आणि तेथेच संपते. याची एक झळ मात्र बसते : जाण्याची आणि येण्याची वाट वेगळी असेल, तर खरे पॅकेटही निमूटपणे टाकले जाते. राउटर ओलांडताच चित्र नाहीसे झाले, तर आधी ही तपासणी पाहावी आणि त्याबरोबर टीटीएलही (पॅकेटने किती टप्पे जावे याची मर्यादा) पाहावा. प्रोग्रामने वेगळे सांगितले नसेल, तर मल्टिकास्टचा टीटीएल १ असतो आणि असे पॅकेट पहिल्याच राउटरशी थांबते.

प्रश्न : व्हॉट्सॲपच्या गटातील संदेशही असाच जातो काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. तुमचा फोन सांकेतिक रूपातील संदेश एकदाच सर्व्हरकडे देतो आणि सर्व्हर प्रत्येक सदस्याकडे स्वतंत्र जोडणीवरून वेगळी प्रत धाडतो. वाटेतल्या राउटरांना गट आहे याचा पत्ताही नसतो. एखाद्याचा फोन बंद असेल, तर सर्व्हर त्याची प्रत सांभाळून ठेवतो. मल्टिकास्टमध्ये तशी सोय नाही. उशिरा सामील होणाऱ्याला तेथून पुढचीच पॅकेट मिळतात.