कूलरमुळे खिडकीच्या काचांवर पडलेले पांढरे डाग केमिकल न वापरता कसे काढावेत?

घरात रांगतं बाळ आहे म्हणून केमिकल नको, आणि बाजारातला निळा स्प्रे मारूनही डाग जात नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. स्प्रेने ते जाणारच नाहीत. तो तेलकट बोटांच्या ठशांसाठी असतो. तुमचे डाग कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचे आहेत, गिझरच्या कॉइलवर चढतो तोच थर. कूलरमधलं पाणी वाफ होऊन उडतं, क्षार टाकीतच राहतात. आपण वरून बोअरचं पाणी ओतत राहतो, म्हणून मे उजाडेपर्यंत टाकीतलं पाणी जडच होत जातं. त्याचे शिंतोडे काचेवर उडतात आणि आपल्या उन्हात तिथल्या तिथे वाळतात.

या थराला आम्ल लागतं. कोणतं, यावरून माझं आणि माझ्या मेहुण्याचं अजून जमलेलं नाही.

आमचं घर नागपुरात मानेवाड्याकडे, खिडक्या पश्चिमेला, पाणी बोअरचं. एका वर्षी दिवाळीच्या साफसफाईला मी काचेवर व्हिनेगरमध्ये भिजवलेली जुन्या धोतराची फडकी चिकटवून ठेवली होती. तेवढ्यात मेहुणा आला. म्हणाला, "भाऊजी, कायले टाइमपास करून राहिले? ॲसिड मारा, दोन मिनिटांत चकाचक." मी नको म्हणेपर्यंत त्याने संडासाचं ॲसिड आणून दुसऱ्या खिडकीवर ओतलंसुद्धा. काच निघाली, हे मान्य. पण ओघळ खाली ॲल्युमिनियमच्या ट्रॅकमध्ये गेला आणि तिथे फसफसायला लागलं. तिथून तो कोटा स्टोनच्या पट्टीवर उतरला, तिथेही फेस. बायको खोकत बाहेर पळाली. ट्रॅक आज खरबरीत आहे, ती खिडकी सरकवताना कर्रकर्र वाजते. दगडाची चकाकी गेली ती गेलीच. आणि हा माणूस दर लग्नात सांगतो, "आमचे भाऊजी काचेले लोणचं घालते!" माझी लोणच्याची काचही तेवढीच स्वच्छ निघाली आणि तिचा ट्रॅक अजून नीट सरकतो, हे तो सांगत नाही.

तर करायचं असं. साधं पांढरं व्हिनेगर, पाणी न घालता. फडकं भिजवून डागावर चिकटवा, पंधरा-वीस मिनिटं वाळू देऊ नका, मग घासा आणि साध्या पाण्याने धुवा. बोअरच्या नको, नळाच्या. नाहीतर पुसताना नवे डाग तुम्हीच पाडाल. शेवटी रबरी वायपर. व्हिनेगरचा वास सहन होत नसेल तर किराण्यातलं लिंबूसत्व चमचाभर, कपभर गरम पाण्यात. काम तेच. नुसत्या धुळीला यातलं काही लागत नाही. बादलीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पुरे.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस दाखवणारे व्हिडिओ बंद करा. दोघं एकमेकांना मारतात, हातात जवळजवळ खारं पाणी उरतं. संत्र्याच्या सालीही क्षाराला काही करत नाहीत, मग नागपूरची असो की कुठलीही. सालीतलं तेल काचेवर राहिलेल्या स्टिकरचा चिकटा मात्र छान काढतं. राखेने घासू नका, चरे पडतात. वर्तमानपत्राचा कागद चालतो, पण पांढऱ्या फ्रेमवर शाई लागते.

वेळ सकाळची, काचेवर ऊन यायच्या आधी. तापलेल्या काचेवर काहीही लावा, पुसायच्या आत वाळतं आणि पट्टे राहतात.

खरं काम टाकीचं आहे. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून धुवा, निदान डास तरी होणार नाहीत. मेहुण्याच्या घरी कूलर बसवल्यापासून हे झालेलं नसावं, म्हणूनच त्याला दर वर्षी ॲसिड लागतं.

आता राहिलेलं. कोटा स्टोन किंवा मार्बल असेल तर खाली जाड टॉवेल घाला, कारण व्हिनेगरनेही दगड निस्तेज होतो, फक्त हळू. काचेला काळी फिल्म असेल तर त्या बाजूने हे करू नका. डाग कित्येक वर्षांचे असतील तर काच खालून खडबडीत झालेली असते, ती कशानेच पूर्ववत होत नाही. आणि नैसर्गिक म्हणून बाटली बाळाच्या हाताशी ठेवू नका, तेही आम्लच आहे. फरशीच्या ब्लीचमध्ये तर व्हिनेगर, लिंबूसत्व, ॲसिड यातलं काहीही कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. हे मी मेहुण्यालाही सांगितलं होतं. तो म्हणाला, "काही नाही होत, भाऊजी."