आठवीत एलिमेंटरीला बसणाऱ्यांसाठी

कला संचालनालयाच्या रेखाकला परीक्षेचा फॉर्म भरलास हे फार चांगलं केलंस. एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट पास झालं की दहावीला वाढीव गुण मिळतात हे खरं, पण फक्त तेवढ्यासाठी बसू नकोस. बघायला शिकवणारी अशी दुसरी परीक्षा शाळेत नाही.

दोन दिवसांत चार पेपर असतात. सगळ्यात जास्त वेळ वस्तुचित्राला दे. घरी स्टुलावर तांब्या, वाटी, दोन कांदे मांड आणि रोज काढ. तांब्या डोळ्यांच्या पातळीखाली असेल तर त्याचं तोंड लंबगोल दिसतं, आणि बुडाची कड तळाशी सपाट रेघ नसते, तीही गोलाईच घेते. बहुतेकांचं चित्र इथेच फसतं. एकदा बसलीस की जागा आणि मान हलवू नकोस, नाहीतर सगळं प्रमाण बदलतं. रंग नंतर, आधी सावली कुठे पडते ते बघ.

स्मरणचित्रासाठी पाठ केलेली चित्रं उपयोगी पडत नाहीत, हे माझं ठाम मत आहे. एसटी स्टँडवर, भाजीबाजारात छोटी वही ने. ओझं उचलणारा माणूस कमरेत कसा वाकतो, बसलेल्या बाईचे गुडघे कुठे येतात, भरभर रेखाट. चेहरे नाही आले तरी चालतं.

संकल्पचित्रात, म्हणजे नक्षीकामाच्या पेपरात, पोस्टर कलरचा पहिला थर पूर्ण वाळू दे, मगच शेजारचा लाव. भूमितीला कंपासमधली पेन्सिल टोकदार हवी, आणि रचनेच्या फिकट रेषा पुसू नकोस. काही अडलं तर चित्रकलेच्या सरांना मधल्या सुट्टीत गाठ.