अणुकेंद्रातल्या अपघातानंतर किरणोत्सर्गी गळती थांबली हे कसं ठरवतात? किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मीटरचा आकडा उतरला की झालं का?

नाही, झालं नाही. हेल्थ फिजिक्समध्ये, म्हणजे किरणोत्सर्गापासून माणसांना जपायच्या खात्यात, नोकरी करून आता कोथरूडला निवृत्त बसलोय, आणि याच प्रश्नावरून एका जुन्या साहेबांशी माझं अजून वाजतं.

एका केंद्रातलं ड्रिल, म्हणजे अपघाताचा सराव, नाव घेत नाही. ड्रिलमध्ये रीडिंग खरं नसतं, चिठ्ठीवर लिहून देतात. कुंपणापाशी आकडा एकदम उतरल्याची चिठ्ठी आली आणि साहेबांनी 'ऑल क्लिअर'वर, म्हणजे धोका टळल्याच्या कागदावर, सही करायला पेन काढलं. मी म्हटलं, आधीची चिठ्ठी बघा, वारा फिरलाय. किरणोत्सर्गी ढग दुसऱ्या गावावर गेलाय, गळती थांबलेली नाही. साहेब म्हणाले, "ड्रिल आहे हो, लोक जेवायचे थांबलेत." लोक म्हणजे आम्हीच. पुऱ्या तळून तयार होत्या. सही झाली.

उलटही होतं. गळती थांबते, पण जमिनीवर बसलेलं सीझियम-137 मीटर चढवून ठेवतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, 30 वर्षांचं. म्हणून फिल्टर पेपर आणि कोळशाच्या कार्ट्रिजवर हवेचा नमुना वेगळा घ्यायचा.

खरा निर्णय कंट्रोल रूमच्या माहितीवर होतो. इंधन पाण्याखाली आहे का, कंटेनमेंटचा, म्हणजे अणुभट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीतला, दाब उतरलाय का, किरणोत्सर्गी पदार्थांची बाहेर जायची वाट बंद झाली का, आणि पुन्हा वाफ सोडावी लागणार नाही ना. शेवटचं सगळे विसरतात. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्राचा अपघात मार्च 1979चा. कंटेनमेंटमधला क्रिप्टॉन-85 हा किरणोत्सर्गी वायू जून-जुलै 1980मध्ये मुद्दाम सोडला. चेर्नोबिलला स्फोट 26 एप्रिल 1986चा. पहिले काही दिवस उत्सर्जन उतरत गेलं, मेच्या सुरुवातीला पुन्हा चढलं आणि 6 मेच्या सुमारास एकदम कोसळलं. मधेच, 1 मेला, जवळच्या कीव्ह शहरात मे दिनाची मिरवणूक निघाली होती. आमच्या साहेबांनी तोवर सही करून टाकली असती! तळजाई टेकडीवर भेटले की अजून "ड्रिलच होतं ना" म्हणतात. ड्रिलमध्ये ज्याला वारा बघावासा वाटत नाही, त्याला खऱ्या गडबडीत कुठला सुचणार?

तुम्हाला घरात थांबा सांगितलं तर थांबा, आकाश स्वच्छ दिसतंय म्हणून गच्चीवर जाऊ नका. मात्र दारं-खिडक्या लावून बसणं फार तर दोनेक दिवस जमतं, तेव्हा अधिकाऱ्यांनाही शंभर टक्के खात्रीची वाट बघत बसता येत नाही, हेही खरं.

आणि हे सगळं अणुभट्टीपुरतं. सीलबंद सोर्स, म्हणजे कॅप्सूलमध्ये बंद केलेला किरणोत्सर्गी पदार्थ, हरवून सापडला आणि कॅप्सूल फुटलेली नसली, तर मीटरवर भागतं. तेवढं साहेबांचं मान्य.