‘मनाचं आहे’ म्हणून परत पाठवलं

मिरज-सांगलीत दवाखान्यांना तोटा नाही. तरी पत्रांतून एकच तक्रार फिरून फिरून येते: मानसिक आजाराची फाइल दिसली की डॉक्टर नीट ऐकूनच घेत नाहीत. अशी आणि औषधांविषयीची काही पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : रात्रीची गोळी विसरले तर सकाळी दोन घेऊ का? (विटा)

नाही. गोळी चुकली तर काय करायचं हे औषधागणिक वेगळं असतं. पुढच्या भेटीत विचारा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

प्रश्न : डिप्रेशनच्या गोळ्यांची सवय लागते असं शेजारी सांगतात. दोन महिन्यांपासून बरं वाटतंय, आता बंद करू का? (कोरेगाव)

शेजाऱ्यांनी कुठली गोळी पाहिली? अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम या झोपेच्या-घबराटीच्या गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्या मोजून-मापून देतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या डिप्रेशनच्या गोळ्यांची नशा होत नाही. मात्र एकदम सोडल्या तर चक्कर येते, अंगात झिणझिण्या येतात, झोप बिघडते, आणि लोक त्यालाच ‘सवय’ म्हणतात. बरं वाटायला लागल्यावर साधारण सहा महिने तरी त्या चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. कधी आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

प्रश्न : बहिणीला अठरा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया (भास-संशयाचा आजार) आहे. महिनाभर जिना चढताना धाप लागते, छातीत दडपण येतं. डॉक्टरांनी जुन्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि हातही न लावता ‘हे मनाचं आहे, त्यांच्या मानसोपचार डॉक्टरांकडे न्या’ म्हणाले. काय करू? (मिरज)

पुढच्या भेटीची वाट पाहू नका, आजच तिची ई.सी.जी. काढून घ्या. छातीत दुखणं वाढलं, घाम सुटला किंवा बसल्याजागी धाप लागली तर थेट सिव्हिलच्या तातडीच्या विभागात न्या.

पत्र वाचून मला राग आला, तो तुमच्यावर नाही. स्किझोफ्रेनियासारखा गंभीर आजार असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी दहा ते वीस वर्षं आधी जातात. बरेचसे मृत्यू हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे आजार अशा अंगाच्या दुखण्यांनी होतात. आमच्या मानसोपचारातल्या काही औषधांनी, ओलान्झापिन आणि क्लोझापिनने तर विशेष, वजन आणि साखर वाढते. त्यात बिडी-तंबाखू असते. म्हणजे ज्याला जास्त तपासायला हवं, त्यालाच कमी तपासलं जातं. क्लोझापिनवरच्या रुग्णाला साधी बद्धकोष्ठता वाटते, ती कधी आतडं बंद पडण्यापर्यंत जाते. ‘पोट साफ होत नाही’ ही तक्रारसुद्धा मनावर ढकलू नये. माझ्या एका रुग्णाला खोकला आणि अशक्तपणासाठी ‘टेन्शन’ म्हणून दोनदा परत पाठवलं होतं. थुंकी तपासली तेव्हा क्षयरोग निघाला.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या: त्रास कधीपासून, काय केल्यावर वाढतो, चालू गोळ्या कोणत्या. आजाराचं नाव शेवटी सांगितलं तरी चालेल, गोळ्या मात्र लपवू नका. तपासायला नकार मिळाला तर शांतपणे म्हणा, ‘नाडी, बी.पी., ऑक्सिजन तपासला आणि काही आढळलं नाही, एवढं केसपेपरवर लिहून द्या.’ लिहायची वेळ आली की बरेच जण स्टेथोस्कोप उचलतात. वजन, बी.पी., साखर आणि कोलेस्टेरॉल नियमित तपासणं हे तिच्या उपचाराचंच अंग आहे. तिच्या मानसोपचार डॉक्टरांनीही यात मागे राहू नये.

प्रश्न : बायपोलरसाठी (मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं, तो आजार) लिथियम चालू आहे. उन्हात शेतात काम असतं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून गोळी घेतली, तर हात जास्तच थरथरू लागले. (जत)

आधी दुखण्याची गोळी थांबवा आणि आजच डॉक्टरांना दाखवा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढतं. घाम, जुलाब, उलट्या यांनी अंगातलं पाणी आटलं तरी तेच होतं. उलट्या, तोल जाणं, बोबडं बोलणं, गुंगी ही विषबाधेची लक्षणं आहेत, तेव्हा दवाखान्यात जायला घटकाभरही थांबू नका. रक्तातली लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी तपासतात, शिवाय थायरॉइड आणि मूत्रपिंडही. कुणाच्या सांगण्यावरून मीठ एकदम कमी करू नका, त्यानेही पातळी चढते.

प्रश्न : मानसिक आजार ‘मुळापासून बरा’ करणारं चूर्ण पंधरा हजारांना सांगतात, चालू गोळ्या बंद करायला लावतात. (तासगाव)

घेऊ नका. वेडेपणा बरा करण्याची जाहिरात करायला 1954 च्या जादुई उपाय विरोधी कायद्याने मनाई आहे. पुडीत काय आहे हे वेष्टनावर छापलेलं नसेल तर तुम्ही कशाचे पैसे मोजता? गोळ्या बंद करायला सांगणारा माणूस आजार उलटल्यावर फोन उचलत नाही.

प्रश्न : डॉक्टर बाहेर बसलेल्यांसमोर मोठ्याने म्हणाले, ‘सगळं आहे तुमच्याकडे, मग रडता कशाला?’ डॉक्टर बदलू का? (वाई)

बदला. आधी नवे डॉक्टर ठरवा, तोवर गोळ्या चालू ठेवा. तुमच्या आजाराची गोपनीयता हा 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे, उपचाराची मूलभूत कागदपत्रं मिळणं हाही. ती मागून घ्या, नव्या डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. मधल्या काळात जीव नकोसा वाटला तर टेली-मानसच्या 14416 वर फोन करा. दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.